डॉक्टरांचा कान

व्याही आपल्या जुन्या गाडीत बसून धक्के खात गॅरेजच्या दारात आले, तेव्हा डॉक्टरांना राग आला तो गाडीचा नव्हे, व्याह्यांच्या चेहऱ्यावरच्या समाधानाचा. स्वतःची गाडी बिघडल्याचं एवढं सुख झालेला माणूस त्यांनी आजवर पाहिला नव्हता. पोरगी त्या घरात दिल्यापासून व्याही त्यांच्यात खोट शोधत होते, आणि आता ती चार चाकांवर आपण होऊन चालत आली होती. चालत म्हणजे अडखळत.

डॉक्टर म्हणजे औषधं देणारे नव्हेत. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनावर टेकवायचं, मूठ कानाला दाबायची, डोळे मिटायचे आणि आजार सांगायचा, ही त्यांची पद्धत. गिऱ्हाइकांनी थट्टेने नाव पाडलं आणि यांनी ते लगेच पाटीवर रंगवून घेतलं. समोरच्या गॅरेजवाल्याने गाडीला वायर जोडून दोष दाखवणारं यंत्र आणलं, तेव्हा डॉक्टर रस्त्याच्या अलीकडून मोठमोठ्याने हसले होते. यंत्र म्हणे! ज्याला नाडी कळत नाही त्याने पडदा बघावा.

"उतरा," ते व्याह्यांना म्हणाले. "काय झालं ते सांगा, आणि तुमचं मत वगळून सांगा."

"उभी असली की थरथरते. अॅक्सिलरेटर दाबला की आधी विचार करते, मग गचका देऊन निघते. पुलाच्या चढावर तर काल एक सायकलवाला मला ओलांडून गेला," व्याही म्हणाले. "आणि मत नाही, नुसती आठवण करून देतो. आधी तुम्ही म्हणालात फिल्टर. मग म्हणालात प्लग. दोन्ही बदलले. आता काय बदलायचं, गाडीचा मालक?"

"तो बदलला तर गाडी नक्की सुधारेल."

व्याही हसले नाहीत. "व्याहीबुवा, आज काय ते सांगा. नाहीतर मी गाडी समोर नेतो. यंत्राला नातं नसतं, ते खरं बोलतं."

ही गाडी रस्ता ओलांडून पलीकडे गेली, तर संध्याकाळपर्यंत पोरीच्या सासरी जेवताना तोंडी लावायला तोच विषय असणार होता. पण तेही डॉक्टरांनी सोसलं असतं. या माणसाला ना शिक्षण, ना रूप, ना गोड जीभ. होता तो एक कान. त्याच्यावर दुकान चाललं, त्याच्यावर चारचौघांत मान मिळाला. तोच खोटा ठरला, तर उरलेल्या माणसाला कुणी खुर्चीसुद्धा दिली नसती, आणि हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

त्यांनी गाडी चालू ठेवायला सांगितली आणि बॉनेट उघडलं. एकेका प्लगची वायर काढून बघितली. प्रत्येक वेळी इंजिन सारखंच लंगडलं, म्हणजे प्लगकडे सगळं ठीक. पेट्रोल नीट येत होतं. मग स्क्रूड्रायव्हर आला. तो इंजिनावर टेकवून ते जागोजाग ऐकत फिरले. आतली टकटक स्वच्छ होती, कुठे खडखड नाही, कुठे घासणं नाही. कान इतका तल्लख की आतला एकेक दांडा बोलत होता. आणि तरीही समोर इंजिन तापकऱ्यासारखं थरथरत होतं.

"काय म्हणतेय?" व्याह्यांनी विचारलं.

"म्हणतेय, मालकाला गप्प बसवा."

"मग मीच समोर जाऊन बसतो. तिकडे पंखा आहे."

डॉक्टरांना घाम फुटला होता, पण पंख्याशी त्याचा संबंध नव्हता. काहीतरी बोलणं भाग होतं. "पेट्रोलचा पंप," त्यांनी ठोकून दिलं. "पंप दमलाय. बदलावा लागेल." आणि आपण हे नाडी न बघता बोललो, हे बोलता बोलताच त्यांना कळलं. समोरच्या यंत्रवाल्याला ते नेमकं याच गोष्टीवरून शिव्या द्यायचे.

तेवढ्यात त्यांची बायको चहा घेऊन आली. गॅरेजच्या पुढच्या खोलीत बसून फोन आणि सुटे भाग तीच सांभाळायची. इंजिनातलं तिला काही कळत नाही, असं डॉक्टरांनी लग्नानंतर लवकरच ठरवून टाकलं होतं आणि नंतर ते तपासायची गरज त्यांना वाटली नव्हती. तिने व्याह्यांना कप दिला आणि बॉनेटकडे बघून कपाळाला आठ्या घातल्या.

"अहो, हे सूंऽऽ कसलं वाजतंय? कुकरची रिंग गेल्यासारखं?"

"कुठे काय वाजतंय?"

"हे काय, सारखं वाजतंय की."

"तुझ्या डोक्यात वाजत असेल," डॉक्टर म्हणाले. "इथे मी कान लावून बसलोय आणि ही आली कुकर घेऊन!"

व्याह्यांनी कप खाली ठेवला. "वाजतंय," ते म्हणाले. "पहिल्या दिवसापासून वाजतंय. मला वाटलं, ते तुम्हाला ठाऊकच आहे. तुमच्यासारख्याला आवाजाचं काय सांगायचं? उगाच हसं करून घ्यायचं."

दोघं मिळून थट्टा करताहेत, असं डॉक्टरांना वाटलं. त्यांनी व्याह्यांकडे बघितलं, बायकोकडे बघितलं. कुणीच हसत नव्हतं. "कुठून येतंय?" त्यांनी विचारलं. बायकोने इंजिनाच्या मागच्या अंगाला बोट दाखवलं, अगदी सरळ, आपल्या घरातला दिव्याचा खटका दाखवावा तसं.

तिथे एक जाड रबरी नळी होती. वरून धडधाकट. डॉक्टरांनी तिच्या पोटाखाली हात घातला आणि बोट एकदम आत ओढलं गेलं. नळी खालून उभी चिरली होती. त्या चिरेतून फुकटची हवा मागच्या दाराने इंजिनात शिरत होती आणि पेट्रोल पातळ पडत होतं. साधा दोष. शिकाऊ माणसाने कानाने पकडावा असा.

त्यांनी चीर बोटाने दाबून धरली. इंजिनाची थरथर थांबली, ते शहाण्या माणसासारखं चालू लागलं.

"आता?" त्यांनी विचारलं.

"थांबलं," दोघं एकदम म्हणाले.

त्यांनी बोट काढलं. "आता?"

"लागलं वाजायला."

पुन्हा दाबलं. पुन्हा काढलं. थरथर यायची आणि जायची, ती त्यांना कळत होती. पण त्या दोघांना जे थांबताना आणि लागताना ऐकू येत होतं, ते त्यांच्यासाठी नव्हतंच. स्क्रूड्रायव्हरमधून, हाडातून पोहोचणारी टकटक त्यांना ऐकू येत होती. हवेतून येणारा बारीक आवाज कधी गेला, कुणी नेला, काहीच पत्ता नव्हता. डॉक्टर चीर दाबत आणि सोडत राहिले. शेवटी बायकोने पुढे होऊन किल्ली फिरवली आणि इंजिन बंद केलं.

आता व्याही बोलणार, म्हणून ते मान खाली घालून थांबले. एवढी सोन्यासारखी संधी! टोमण्यांत हयात घालवलेला माणूस, त्याने बोलावंच. बोलला असता तर डॉक्टरांनी चार शिव्या हासडल्या असत्या आणि बरं वाटलं असतं. पण व्याह्यांनी चहा संपवला, नवी नळी बसेपर्यंत शांत बसले, आणि निघताना म्हणाले, "छान झालं. घरी सांगतो, तुम्ही शोधलंत म्हणून." ते त्यांनी हळुवारपणे, आजाऱ्याशी बोलावं तसं सांगितलं. तो हळुवारपणा डॉक्टरांच्या काळजात सुरीसारखा घुसला.

गाडी गुळगुळीत चालत वळणाआड गेली. डॉक्टर हात पुसत उभे राहिले.

"तुला माहीत होतं?" त्यांनी बायकोला विचारलं.

"मला कसं माहीत असणार?" ती म्हणाली. "मी हाक मारायची, तुम्ही ओ द्यायचा नाहीत. मला वाटायचं, मुद्दाम. इतकी वर्षं मनातून तुमच्यावर चिडून बसलेय मी."

पुढे ती आणखी काहीतरी बोलली, पण कप उचलताना, पाठ फिरवून बोलली. एरवी डॉक्टरांनी नुसतं "हं" म्हणून वेळ मारून नेली असती. ते तिच्या मागोमाग गेले आणि तिच्या तोंडासमोर येऊन उभे राहिले.

"परत बोल," ते म्हणाले. "मला ऐकू आलं नाही."