आई वाईट व्हावी म्हणून

खारूचे बाबा लिफ्ट दुरुस्त करायचे. एका उंच इमारतीत काम करताना कमरेचा सुरक्षा पट्टा सुटला आणि ते खाली पडले. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाने सात वर्षांच्या खारूला कुशीत घेतलं आणि तेच सांगितलं, चांगली माणसं देवाला आवडतात, म्हणून तो त्यांना लवकर नेतो. आत्याने तर हनुवटी धरून बजावलं की, तूही बाबांसारखी गुणाची हो.

महिनाभरात शाळेतून बोलावणं आलं. प्रार्थना सुरू झाली की ही कानांत बोटं घालते, शेजारच्या मुलीला चावते, फळ्यावर थुंकते, असं वर्गाच्या बाईंनी सांगितलं. आईला वाटलं, धरणीने पोटात घ्यावं. ती हॉस्पिटलच्या लाँड्रीत काम करायची. दिवसभर चादरी इस्त्रीच्या यंत्राच्या गरम रुळांखाली सरकवायच्या, हात भाजून घ्यायचे आणि घरी येऊन या पोरीचे प्रताप निस्तरायचे. तिने समजावून पाहिलं, गयावया केली, अबोलाही धरला. खारू ताटातलं मुद्दाम सांडायची आणि आईचा चेहरा निरखत बसायची.

बाबांचा एक शर्ट आईने न धुता कपाटात ठेवला होता. त्याला अजून त्यांचा वास होता. अगदीच राहवेनासं झालं की ती कपाट उघडून त्यात तोंड खुपसायची.

एका संध्याकाळी ती कामावरून आली तेव्हा खारू न्हाणीघरात बसून तो शर्ट साबणाच्या पाण्यात घुसळत होती. आईने तो हिसकावून नाकाशी धरला. नुसत्या साबणाचा वास. मग तिचं भान सुटलं. तिने खारूला दंडाला धरून उभं केलं आणि पाठीत धपाटे घालत सुटली. आजवर तिने लेकीला बोटही लावलं नव्हतं.

खारू रडली नाही. म्हणाली, "अजून मार."

आईचा हात तसाच वर राहिला.

"अजून मार ना. तू वाईट झालीस की देवाला आवडणार नाहीस. मग तो तुला नेणार नाही."

आई ओल्या फरशीवरच बसली. मग हे सगळं, ते चावणं, थुंकणं, सांडणं... तिने कसंबसं विचारलं. खारूने मान डोलावली. प्रार्थना म्हटली तर देवाचं आपल्याकडे लक्ष जाईल, आणि आपणही गेलो तर आई घरी एकटी पडेल, असं तिने हळू आवाजात सांगितलं.

दुसऱ्या दिवशी आईने सुट्टी टाकली आणि शाळा गाठली. बाईंनी सगळं ऐकून घेतलं. यापुढे प्रार्थनेची सक्ती नाही, त्या वेळात तिने आपल्याजवळ बसावं, असं त्या म्हणाल्या. मग त्यांनी विचारलं, तुम्ही स्वतः तिला काय सांगितलंय? आईला आठवेना. तिने काहीच सांगितलं नव्हतं. येणारेजाणारे सांगत होते आणि ती भिंतीला टेकून ऐकत होती.

"तुम्हाला माहीत आहे तेवढंच सांगा," बाई म्हणाल्या. "माहीत नसेल तर तसं म्हणा. मीही तेच म्हणेन. निदान शाळा एक बोलतेय आणि घर दुसरं, असं तरी नको."

घरी आल्यावर आईने खारूला समोर बसवलं. बाबा चांगले होते म्हणून गेले नाहीत, पट्टा सुटला म्हणून गेले, हे तिने दोनदा सांगितलं.

"त्यांना लागलं?"

"हो. खूप लागलं असणार."

"आता कुठे आहेत?"

"मला नाही माहीत गं."

"तू कधी जाणार?"

खोटा शब्द आईच्या ओठांवर आला होता. तिने तो गिळला. "तेही माहीत नाही. लवकर जायचं नाहीये मला."

खारूचा चेहरा वेडावाकडा झाला. बाबा गेल्यापासून ती पहिल्यांदाच रडली, आणि अशी रडली की आईलाच भीती वाटू लागली. आपण बरं केलं की लेकीचा उरलासुरला आधारही काढून घेतला, हे तिला समजेना. तिला थोपटत ती नुसती बसून राहिली.

त्या आठवड्यात खारू शाळेत पुन्हा एकदा चावली. बाईंनी निरोप धाडला नाही. संध्याकाळी त्या स्वतःच घरी आल्या, चप्पल काढून खारूजवळ जमिनीवर बसल्या आणि म्हणाल्या, "विचार, काय विचारायचंय ते."