सतरा नंबरचा बिल्ला

मित्रांनो, मी एक जुना पितळी बिल्ला आहे. गोल, जाड, तुमच्या मुठीत सहज मावेन एवढा. माझ्या अंगावर सतरा हा आकडा ठोकलेला आहे. या आकड्याला आपल्या लोकांनी उगाच बदनाम करून ठेवलंय. सतरा भानगडी, सतरा विघ्नं, सतरा ठिकाणी तोंड घालणं. पूर्वी मला याचं हसू यायचं. आता येत नाही.

शहागंजमधल्या एका तांबटाने आम्हा भावंडांना एकाच पत्र्यातून कापलं, कानशीने कडा घासल्या, नंबर ठोकले, आणि आम्ही एका सरकारी बँकेत नोकरीला लागलो. आमचं काम सोपं होतं. पैसे काढायला आलेला माणूस खिडकीत आपला कागद द्यायचा आणि त्याच्या बदल्यात आमच्यापैकी एकाला हातात घेऊन बाकावर बसायचा. कागद आत या टेबलावरून त्या टेबलावर हिंडायचा. शेवटी रोखपाल नंबर पुकारायचा. माणूस उठायचा, एका हाताने बिल्ला द्यायचा आणि दुसऱ्या हाताने पैसे घ्यायचा. आमच्या धंद्यात एकच शपथ होती. पैसे पडल्याशिवाय बिल्ला हातातून सोडायचा नाही.

ती बँक लई सुस्त होती हे मी मान्य करतो. साधं कर्ज मागायचं तर माणसाच्या चपला झिजायच्या. पण दरवर्षी एक तपासनीस यायचा, डोळ्यांवर चष्मा चढवून सगळं तपासायचा, आम्हालासुद्धा उलटंपालटं करून बघायचा. त्याचा आम्हाला फार राग यायचा. आज तो कुठे भेटला तर मी त्याच्या पाया पडेन.

गीताबाईला मी तिथेच पहिल्यांदा भेटलो. मुकुंदवाडीची ही बाई तेव्हा नव्या लग्नाची होती. तिचा नवरा पुंडलिक चिकलठाण्याच्या एका कारखान्यात फिटर होता. त्याने मला तिच्या हातात दिलं आणि आमची शपथ तिला समजावून सांगितली. ती इतकी घट्ट मूठ आवळून बसली की तिच्या तळव्यावर माझा आकडा उलटा उमटला. पुंडलिक त्यावरून तिला पुढे किती तरी वर्षं चिडवत असे.

मग एक्क्याण्णव साल आलं. देशाने आपल्या पैशाची दारं उघडली. व्याज किती द्यायचं, कर्ज कुणाला द्यायचं, बँक कुणी काढायची, यावरची बंधनं हळूहळू सैल झाली. खोटं कशाला बोलू, बरंच झालं. ज्याला पूर्वी खिडकीवरून हाकलायचे, त्याच्या घरी जाऊन लोक कर्ज देऊ लागले. वाळूजला शेडला शेड लागली. गारखेड्याच्या मोकळ्या माळावर इमारती उभ्या राहिल्या. मुकुंदवाडीतल्या सायकली जाऊन मोटारसायकली आल्या, पोरी कॉलेजात गेल्या. ती वाढ खरी होती. मी ती माझ्या पितळी डोळ्यांनी बघितली आहे.

पण उघड्या दारातून वारा येतो तसा वावटळीचा कचराही येतो. बाहेरचा माल स्वस्त पडू लागला आणि पुंडलिकचा कारखाना बसला. मालकाने एकरकमी पैसे हातावर ठेवून सगळ्यांना हात जोडले. तो पैसा पुंडलिकने बँकेत ठेवला आणि त्याला हात लावला नाही. नात शिकेल तेव्हा काढू, असं तो म्हणायचा. त्याच सुमारास बँकेत कॉम्प्युटर आले आणि आम्ही किलोच्या भावाने भंगारात गेलो. बरीच वर्षं मी एका गोणीत पडून होतो.

तिथून आम्हाला साहेबरावांनी बाहेर काढलं. साहेबराव म्हणजे एका नव्या पतसंस्थेचे चेअरमन. बोलणं असं गोड की मुंग्या लागाव्यात. त्यांनी आम्हाला चिंचेने घासून लख्ख केलं. एका बंद पडलेल्या कचेरीतून गजांची लाकडी खिडकीही आणली. बाहेर काचेचं दार, आत गार हवा, मऊ सोफे, आणि मधोमध ती जुनी खिडकी. मी विचार करत होतो की या चकचकीत जागी आमचं काय काम. साहेबरावांनी ते आपल्या रोखपालाला हसत हसत सांगितलं. जुनं दिसलं की लोकांना खरं वाटतं.

हा रोखपाल म्हणजे बद्रीनाथ. वेरूळकडच्या शेतकरी घरातला, मनाने सरळ. त्याच्या वडिलांची जमीन रस्त्यात गेली होती आणि तिचा मोबदला त्याने याच संस्थेत ठेवला होता.

पुंडलिक वारल्यावर गीताबाई एकदा नातीला, विशाखाला घेऊन तिथे आली. इथे व्याज जास्त मिळतं असं तिने ऐकलं होतं. पण काचेच्या दारात ती घुटमळली. एवढं जास्त व्याज हे देतात कुठून, असा तिचा रास्त प्रश्न होता. तेवढ्यात तिला आम्ही दिसलो. तिने मला उचललं आणि आकड्यावरून अंगठा फिरवला.

"आपलेच बिल्ले हायेत की गं," ती म्हणाली.

आणि तिने नवऱ्याचा सगळा पैसा तिथे आणून ठेवला. त्या दिवशी मला इतका आनंद झाला होता, मित्रांनो, की ते आठवलं की आजही मला कसंतरी होतं.

काही वर्षं व्याज वेळेवर मिळालं. दिवाळीला मिठाईचा डबा यायचा. तपासनीस मात्र कधी दिसला नाही. साहेबराव कर्जं द्यायचे ती आपल्याच मेव्हण्यांना, जमिनीच्या अशा तुकड्यांवर जे फक्त नकाशात होते. हे आम्हाला नंतर कळलं, सगळ्यांनाच नंतर कळलं.

विशाखाला नर्सिंगला प्रवेश मिळाला आणि गीताबाई ठेव मोडायला आली, त्या सकाळी दारात ही गर्दी होती. दुसऱ्या गावची शाखा उघडली नाही अशी बातमी होती. बद्रीनाथची एक सवय होती. रांग लवकर सरावी म्हणून तो सकाळीच सगळ्यांच्या ठेवीच्या पावत्यांच्या मागे सह्या घेऊन 'रक्कम दिली' असा शिक्का मारून ठेवायचा, आणि मुख्य कचेरीतून रोकड आली की एकेकाला पुकारायचा. त्या दिवशी रोकड आलीच नाही. दुपारी शटर खाली येऊ लागलं. लोकांनी बिल्ले खिडकीवर फेकले आणि हात घालून आपापल्या पावत्या ओढून घेतल्या. गीताबाई एकटी बाकावर बसून राहिली. शेजारच्या द्वारकाबाईने तिला पावती घे म्हणून हलवलं, तर तिने मूठ उघडून मला दाखवलं. बिल्ला हाताशी आहे म्हणजे पैसा आपला, तो कुठे जाणार?

मी तिच्या मुठीत घरी गेलो. तिची पावती आत राहिली, पाठीवर सही आणि शिक्का घेऊन. दाराला सील लागलं. नर्सिंगची जागा गेली. विशाखा आता एका फायनान्स कंपनीत बसून फोनवर लोकांकडे थकलेले हप्ते मागते.

त्या दिवसानंतर बराच काळ मला कुणी पुकारलं नाही, तरी तो पुकारा घरात सतत असायचा. भरदुपारी तांदूळ निवडताना गीताबाईचे हात थांबायचे आणि ती विचारायची, पुकारलं का गं? घाटी दवाखान्यात डोळे तपासायला गेलो होतो. आतून "सतरा" अशी हाक आली आणि ती मला पुढे धरून उठली. केसपेपर घेतलेली दुसरीच बाई आत गेली. कधी ती पतसंस्थेच्या त्या बंद कचेरीपाशी जायची आणि शटरच्या जाळीला कपाळ लावून आत बघायची. मलाही दिसायचं. भिंतीवरच्या कॅलेंडरवर तोच महिना लटकलेला होता. माझी भावंडं फेकली तशीच पडली होती, काही उताणी, काही पालथी, आणि सगळ्यांवर धूळ बसली होती. मला वाटायचं, ती मला विचारताहेत, तुझे मिळाले का रे?

पुढे सरकारने हिशेब उरकायला अधिकारी नेमला आणि ठेवीदारांचे अर्ज मागवले. गीताबाईचा अर्ज परत आला. पावतीवर सही आहे, शिक्का आहे, म्हणजे बाईंना पैसे मिळालेले आहेत, असं उत्तर आलं. विशाखा बद्रीनाथच्या दारात जाऊन आली. आधी त्याने दारच उघडलं नाही. साहेबराव तुरुंगात होते, आणि खोटा शिक्का मारला हे लिहून दिलं असतं तर त्यांच्याबरोबर तोही आत गेला असता. शेवटी, फेरअर्जाच्या मुदतीच्या शेवटच्या दिवशी, तो स्वतःच मुकुंदवाडीला आला.

"शिक्का मीच आधी मारला होता, मावशी. तसं लिहून दिलंय मी," तो म्हणाला. "पण ते बिल्ला मागतेत. बिल्ला तुमच्यापाशी हाय, म्हंजे पैसे भेटले नाय, हाच पुरावा हाय."

गीताबाईने मला आणखी घट्ट धरलं. "पैशाआधी बिल्ला सोडायचा नाय. ह्यांनी शिकवलंय मला."

विशाखाने समजावलं, चिडली, रडली. अधिकाऱ्याची कचेरी बंद व्हायची वेळ जवळ येत होती. आजी हलेना. बद्रीनाथ खाली मान घालून बाहेर गेला. तो निघून गेला असं आम्हाला वाटलं. पण तो घराच्या खिडकीच्या गजांपलीकडे उभा राहिला आणि त्याने त्याच्या जुन्या, सरळ आवाजात पुकारलं.

"सतरा नंबर."

गीताबाई लगेच उठली. पदर नीट केला. खिडकीपाशी आली आणि गजांतून तिने उजव्या हाताने मला पुढे केलं. डावा तळहात तिने खाली पसरला. बद्रीनाथने मला घेतलं.

"मोजून दे, भाऊ," ती म्हणाली.

 बद्रीनाथजवळ द्यायला काहीच नव्हतं. विशाखाने आजीचा हात आत ओढून घेतला आणि तिची बोटं मिटवली. आजीने ती पुन्हा उघडली.

आता मी एका सरकारी कपाटात, बंद पाकिटात आहे. अर्ज मंजूर झाला, पैसे अजून यायचेत. मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल, मोठमोठ्या खुर्च्यांवर बसाल, नवी दारं उघडाल. जरूर उघडा. फक्त दारात बघणारा कुणीतरी ठेवा, आणि तो चष्मेवाला कितीही चिकट वाटला तरी त्याला हाकलू नका. मला घासून चकाकी आणायची मुळीच गरज नाही. ज्याच्या हाती बिल्ला दिलाय, त्याला पुकारायला तेवढं विसरू नका. मुकुंदवाडीत एक तळहात अजून उघडा आहे.