डब्याखालचा दिवा

व्होल्टमामाने आयुष्यात दुकानाला कधी पाटी लावली नाही. गल्लीत कुणाचाही टीव्ही बंद पडला की माणसं आपसूक त्याच्या दारात यायची, तेवढी जाहिरात त्याला पुरे होती. पुढे काचेच्या पोटाचे ते जड टीव्ही घराघरांतून गेले, त्यांच्यामागोमाग दुकानही गेलं. आता मामा घरी बसून बायकोचा धडधाकट मिक्सर उगाच उघडून बघायचा आणि बोलणी खायचा. अशात एक दिवस भाच्याचा फोन आला.

"मामा, आईचा जुना टीव्ही गेला. मी भिंतीवरचा नवा आणलाय. जुना रविवारी भंगारवाल्याला देतोय. त्यातलं काही सामान हवंय का तुला?"

"सामान कसलं डोंबलाचं! हात लावू नकोस त्याला. मी येतोय."

भाच्याची आई म्हणजे मामाची थोरली बहीण, ताई. गेल्या काही वर्षांत तिच्या नजरेचा मधला भाग गेला होता. कडेकडेचं धूसर दिसे, पण समोरचा माणूस आवाजावरूनच ओळखावा लागे. जुन्या टीव्हीला पडद्याखाली ठसठशीत बटणांची रांग होती. ताई बोटांनी चाचपत जायची, हवं ते बटण दाबायची आणि बातम्या, गाणी, मालिका सगळं कानांनी बघायची. नव्या टीव्हीच्या रिमोटवर मुंग्यांएवढी बटणं. भलतंच दाबलं गेलं की पडदा निळा, आणि मग सुनेला हाक. सून बिचारी एकदाही कुरकुरली नाही, पण मागणं ते मागणंच. ताईने आधी हाका कमी केल्या, मग टीव्हीच सोडला. "नाहीतरी काय असतं त्यात," म्हणायला लागली. भाच्याने हे फोनवर सहज सांगितलं. पण मामा बहिणीला ओळखून होता. हिने मागणं सोडलं म्हणजे हिने आतून हाय खाल्ली.

आणि ताईचे उपकार काय सांगावेत! शाळेने मामापुढे हात टेकले होते, वडिलांनीही पालथ्या घड्यावर पाणी म्हणून नाद सोडला होता. त्या दिवसांत ताईच्या सासरचा टीव्ही बंद पडला. सासरची मंडळी नको नको म्हणत असताना तिने या बिनकामाच्या भावाच्या हातात स्क्रू ड्रायव्हर दिला. "उघड," म्हणाली, "बंद पडलेलाच आहे, आणखी काय बिघडणार?" त्या एका वाक्यावर मामाचा पुढचा सगळा संसार उभा राहिला. लोक देवाचे आभार मानतात, मामा ताईचे मानायचा. फक्त तोंडावर मानलेले तिला चालायचे नाहीत, म्हणून मनातल्या मनात.

तर मामा हत्यारांची पिशवी घेऊन हजर झाला. टीव्ही खोलीच्या कोपऱ्यात जमिनीवर ठेवलेला होता, वर धूळ. मामा-भाच्याने धापा टाकत तो जेवणाच्या टेबलावर चढवला. ताई शेजारी खुर्ची ओढून बसली.

"गेला कसा, सांग बघू," मामाने पाठचं झाकण काढता काढता विचारलं.

"एकदम नाही रे गेला. बरेच दिवस उठायला आळस करत होता. बटण दाबलं की आधी थोडा वेळ गप्प, मग चालू. तो वेळ वाढत वाढत गेला, आणि एक दिवस उठलाच नाही."

मामाने मान डोलावली. खरं तर इथेच त्याने कान द्यायला हवा होता. पण त्याच्या कामाची एक रीत होती. माणसाचं ऐकून घ्यायचं आणि मग विचारायचं दिव्याला.

हा दिवा म्हणजे मामाचा सिरीज बोर्ड. एक लाकडी फळी, तिच्यावर शंभर वॅटचा बल्ब, आणि बल्बावर डोळे दिपू नयेत म्हणून पत्र्याचा डबा उपडा घातलेला. डब्याला एक भोक, त्यातून उजेड दिसे. आजारी टीव्हीला वीज थेट द्यायची नाही, या बल्बातून द्यायची. बल्ब एकदा झगमगून मंद झाला की टीव्हीत कुठे शॉर्ट नाही. पेटला आणि पेटलेलाच राहिला, तर आत कुणीतरी वीज फुकट गिळतंय. इतक्या वर्षांत हा दिवा मामाशी कधी खोटं बोलला नव्हता.

मामाने वायर जोडली आणि बटण दाबलं. भोकातून उजेड आला, आणि हटेचना.

"शॉर्ट आहे," मामा म्हणाला.

वीज काढून, वीज साठवणारा मोठा कंडेन्सर आधी रिकामा करून त्याने मीटर लावला. फ्यूज शाबूत. डायोड चारही चांगले. मोठा ट्रान्झिस्टर चांगला. मीटर म्हणे सगळे निर्दोष, दिवा म्हणे चोर घरातच आहे. मामाने दिव्याची बाजू घेतली. काही भाग थंड असताना साळसूद असतात आणि विजेचा दाब पडला की गळतात, हे त्याला ठाऊक होतं. मग काय, साप साप म्हणून भुई थोपटणं सुरू झालं. ट्रान्झिस्टर काढून दुसरा लावला, तरी दिवा पेटलेलाच. डायोड बदलले, तरी तेच. मोठा कंडेन्सर बदलला, दिवा ढिम्म.

दुपार कलली. भाग जोडताना वितळणाऱ्या सोल्डरच्या वासाने खोली भरून गेली. भाचा चहा ठेवून गेला, तो निवून त्यावर साय धरली. मामाच्या कपाळावर घाम होता. हात तेच होते, पण आता त्यांच्यावरच त्याचा विश्वास बसेना. सगळ्या गल्लीचे टीव्ही बरे केले आणि जिच्यामुळे केले तिच्याच दारात आपण हरणार, या विचाराने त्याला रडू यायचं बाकी होतं.

"राहू दे," ताई हळूच म्हणाली. "भंगारवाला येईल तेव्हा येईल. मला तरी काय रोज लागतो?"

ती असं म्हणाली आणि मामाला ते तिच्या ओरडण्याहून जास्त लागलं. तो पुन्हा बटण दाबायला वाकला. भोकातून उजेड आला. ताईने हात लांबवला आणि टेबलावर चाचपत तिची बोटं डब्यावर गेली.

"अरे, हा डबा थंडगार आहे."

"ताई, हात काढ, भाजेल!"

"भाजतोय कुठे? मघापासून चालू आहे ना? तुझ्या दुकानात यायची तेव्हा थंडीत या डब्यावर हात शेकायची मी. आता बघ, गारढोण."

मामाने वीज बंद केली, डबा उचलला आणि बघतच राहिला. आत बल्ब होता, पण आतली तार तापून पेटणारा, तारेचा नव्हता. वीज कमी खाणारा, पांढरा, गुटगुटीत नवा बल्ब होता. नखाएवढ्या विजेवरही पेटणारा तो बल्ब, टीव्ही चांगला असो की वाईट, पेटूनच दाखवणार होता.

त्याने तिथूनच बायकोला फोन लावला.

"माझ्या बोर्डाचा बल्ब बदललास का?"

"बदलला तर! रंगकाम चाललं होतं तेव्हा फुटला तो. म्हटलं तुम्ही रुसून बसाल, म्हणून गुपचूप नवा लावला. चांगल्यातला आहे हो, हमी आहे त्याची! का, काय झालं?"

"काही नाही," मामा म्हणाला. "चोर सोडून संन्याशाला फाशी देत होतो, एवढंच."

भाचा पोट धरून हसला. पण तारेचा बल्ब आता आणायचा कुठून? बाजारात तो हल्ली मिळेनासा झालेला आणि घरातले सगळे भाच्यानेच बदललेले.

"न्हाणीघरातला जुनाच आहे," ताई म्हणाली. "त्याखाली उभं राहिलं की डोक्याला ऊब लागते. त्यावरूनच तर मला कळतं, दिवा चालू राहिला की बंद केला. तो बदलू नकोस म्हणून मीच याला दटावलं होतं."

भाच्याने स्टुलावर चढून तो काढून आणला. मामाने तो फळीवर बसवला आणि बटण दाबलं. बल्ब एकदा लख्ख झाला आणि विझला. शॉर्ट नव्हताच कधी! टीव्हीला फक्त सुरू होता येत नव्हतं. उठायला आळस करत होता, हे ताईने पहिल्याच वाक्यात सांगितलं होतं. तापणाऱ्या ॲल्युमिनियमच्या पट्टीला चिकटून टीव्हीला सुरू व्हायला धक्का देणारा, करंगळीच्या पेराएवढा एक कंडेन्सर बसला होता, वर्षानुवर्षं शेकून आतून सुकलेला. मामाने तो उपटला, पिशवीतला नवा टाकला, सोल्डरचे टाके नीट बघितले.

या खेपेला बल्ब झगमगला, मंद झाला आणि मंदच राहिला. मामाने पडद्याकडे बघायच्या आधी ताईचा हात धरून काचेजवळ नेला.

"चुरचुरतंय रे," ताई म्हणाली. "हातावरचे केस उभे राहिले!"

मग मामाने पाठचं झाकण बसवून टीव्ही सरळ भिंतीच्या प्लगला जोडला आणि मागची केबल लावली. बातम्या सांगणाऱ्या बाईचा आवाज खोलीभर झाला. मामाचा जीव भांड्यात पडला.

"ताई," तो म्हणाला आणि आज मनातल्या मनात ठेवणं त्याला जमलं नाही. "तू होतीस म्हणून मी माणसांत आलो. आणि आजही तूच शोधलंस. मी नुसते टाके घातले."

"पुरे! उगाच डोक्यावर चढवू नकोस," ताई म्हणाली, पण चाचपत तिने त्याचा हात धरला. बराच वेळ सोडला नाही.

मग तिने खुर्ची पुढे ओढली, पदराने पडद्यावरची धूळ पुसली आणि सगळ्यांना फर्मान सोडलं. "चला, निघा आता सगळे. माझ्या आणि टीव्हीच्या मध्ये उभे राहू नका. मला बघू द्या."

सून दारात उभी होती, ती तोंडाला पदर लावून हसत स्वयंपाकघरात पळाली. कितीतरी दिवसांत ताईने घरात कुणाला दटावलं नव्हतं.

मामा पिशवी उचलून निघाला. खाली उतरताना जिन्याच्या वळणावर त्याचे पाय थांबले. वरून बातम्या ऐकू येत होत्या. मग कटकन बटण वाजलं आणि गाणं लागलं. ते बहुधा आवडलं नाही. पुन्हा कटकन, आणि कुठल्या तरी मालिकेतलं भांडण सुरू झालं. तेही नको झालं असावं, कारण लगेच दुसरं गाणं आलं, आणि ते मात्र राहिलं. एवढ्या सगळ्यात वरून एकदाही कुणाला हाक गेली नाही. मामा कठड्याला टेकून ते गाणं संपेपर्यंत ऐकत उभा राहिला.