उशीर दादूकाकाच्या हाताचा नव्हता

आमच्या दादूकाकाचा हात तुम्ही बंद पाडलात. होय, तुम्हीच. लिनक्सचे अपडेट पाठवणारे, ज्यांची नावं आम्हाला ठाऊक नाहीत, ते तुम्ही.

आमचा जाखडीचा नाच, कोकणातला, रिंगणात गात नाचायचा. दादूकाका मृदंगावर, गुरुप्रसाद शाहीर, सूर माझा. पेटीचा भाता फाटला तेव्हापासून मी लॅपटॉपला कीबोर्ड जोडते, पेटीचा सूर त्यातून काढते. लॅपटॉप म्हातारा, त्याला विंडोज पेलत नाही, तुमचं हलकं लिनक्सच झेपतं. आजवर त्यानं कधी दगा दिला नव्हता.

आम्ही शक्तीवाले; गणपती झाल्यावर हेदवीच्या बाजूला तुरेवाल्यांशी, म्हणजे समोरच्या पंथाशी, सामना ठरला. सामन्यात समोरच्यानं गाण्यातून सवाल टाकायचा, आपण गाण्यातूनच जबाब द्यायचा. ताल मोडला की जबाब बाद. आणि दोष कायम मृदंगाचा, कारण सगळे त्याच्यामागून चालतात. पेटीकडे कोणी बघतसुद्धा नाही.

आदल्या दिवशी तुमचा अपडेट आला. घरी चार्जर लावून तालीम केली, सगळं चोख. देवळापुढच्या सहाणेवर, पालखी टेकवायच्या चौथऱ्यावर, पोचलो तर वाऱ्यानं तार पडलेली, वीज गायब. स्पीकरला वेगळी बॅटरी होती. लॅपटॉप त्याच्या स्वतःच्या बॅटरीवर लावला.

मी पट्टी दाबली, सूर मागून आला. किंचितच. काका सुरासाठी थांबले, मी काकांसाठी थांबले, आणि रिंगणातल्या नाचणाऱ्यांच्या पायातले चाळ सैरावैरा वाजायला लागले.

"ओ शक्तीवाले," पलीकडून एकजण ओरडला, "मृदंगवाल्याला डुलकी लागली काय? पाणी मारा तोंडावर!"

सगळी सहाण हसली. गुरुप्रसाद काकांवर खेकसला, "काका, हात उचल की जरा!"

"उचलतोय रे," काका म्हणाले. "पण मागं ऱ्हातोय."

तुरेवाले गात होते तेवढ्यात मी सेटिंग उघडली. तुमचा पराक्रम तिथं दिसला. बॅटरीवर असताना आवाज जास्त साठवायचा आणि मग सोडायचा, म्हणजे प्रोसेसर सारखा जागा होत नाही, बॅटरी टिकते. मी तो साठा कमी केला. सूर बोटाखाली आला. काकांचा हात असा सुटला की तुरेवाल्यांचेही पाय हलायला लागले. दोन कडवी झाली, जबाब ओठावर आला, आणि बॅटरी संपली. स्क्रीन काळी. ताल पुन्हा फुटला. जबाब बाद.

काकांनी गळ्यातला मृदंग काढला. "माझ्यापायी झाला," म्हणाले.

घरी आल्यावर मी त्यांना समोर बसवलं. साठा पुन्हा तुम्ही ठेवला होता तसा केला. चार्जर काढला, सूर मागं. चार्जर लावला, सूर जागेवर. पुन्हा काढला, पुन्हा लावला.

काका हसले. "मशीनला कुठं वय असतंय, वेदिका? तू आपली माझी समजूत घालतंस."

मृदंग खुंटीला आहे, खोळ घालून. पूर्वी जेवताना ताटाच्या कडेवरसुद्धा त्यांची बोटं चालायची. आता गप जेवतात आणि हात धुतात.

बॅटरी वाचवणं पाप नाही, एवढं मलाही कळतं. सिनेमा बघणाऱ्याचा आवाज साठवा, त्याचं चित्रही तेवढंच मागं धरा, त्याला पत्ता लागत नाही. पण हातानं वाजवणाऱ्याचा हात मागं कसा धरणार? तुम्ही मोठ्या तोऱ्यात लिहिलंत, बॅटरी आता जास्त टिकेल. ती कशाच्या बदल्यात टिकेल, ते गिळलंत. विचारायचं तर लांबच. तुमच्या फोरमवर मी भांडले, तर तुमच्यातला एक म्हणाला, बहुतेकांना हे चालतं. बहुतेक! आमचा काका तुमच्या बहुतेकांत बसत नाही, म्हणून त्यानं मृदंग खुंटीला टांगायचा?

माझं काका ऐकत नाहीत. मी घरची, मी गोडच बोलणार. ज्यांनी केलं त्यांच्या तोंडून यायला हवं. तेव्हा भर सहाणेवर सवाल टाकते, आणि आमच्यात सवाल ऐकून पळणाऱ्याला तोंड दाखवायला जागा उरत नाही. त्या दिवशी उशीर कोणाचा होता, दादूकाकाच्या हाताचा की तुमच्या मशीनचा? खाली स्वतःचं नाव घालून लिहा. मी काकांना वाचून दाखवीन.

जबाब द्या.