पदकाची टिकटिक

नेदरलँड्समधल्या एका गावच्या सभागृहात खुर्च्या कमी पडल्या होत्या. किरणांपासून वाचवणारी पदकं विकणाऱ्या ओडरकेर्क साहेबांनी किरण मोजणारा काळा डबा हिल्केच्या छातीसमोर धरला आणि तो टिकटिकू लागला.

"एक्स-रे कधी काढलात, बाई?"

"महिन्यापूर्वी."

"बघा! किरण अजून आत मुक्काम ठोकून आहेत!" त्यांनी तिच्या गळ्यात काळ्या दगडाचं पदक घातलं. टिकटिक थांबली. टाळ्यांचा कडकडाट झाला.

हिल्केने एकतीस वर्षं शाळेत जीवशास्त्र शिकवलं होतं. एक्स-रेत फुप्फुसावर डाग दिसला होता, आणि सीटी स्कॅनची तारीख तिने दोनदा पुढे ढकलली होती. आधी नीट अभ्यास करू, असं ती स्वतःला सांगे. खरं तर डच भाषेत ऊन, मोबाइल, एक्स-रे आणि अणुभट्टी या सगळ्यांतून जे निघतं त्याला एकच शब्द आहे, 'स्ट्रालिंग'. त्या एका शब्दाला ती घाबरली होती. तीन आठवडे ती पदक घालून झोपली.

पुढच्या सभेला तिची भाची रेन्स्के आली. इस्पितळात किरण मोजणं हेच तिचं काम.

"साहेब, तुमचा डबा जरा टेबलावर ठेवून दाखवा ना."

"त्याला माझ्याच हाताची सवय आहे."

"का? कुत्रं आहे का ते?"

लोक हसले. रेन्स्केने डबा उचलून उलटा केला. मुठीखाली, अंगठा टेकतो तिथे, बटण होतं. तिने दाबलं, टिकटिक; सोडलं, शांत.

मग तिने स्वतःचं यंत्र काढलं. मावशीला पदक उतरवायला लावून ते तिच्या छातीशी धरलं. कुठेही ऐकू येते तेवढीच मंद टिकटिक. "दिवा विझला की उजेड उरतो का, मावशी? एक्स-रेचंही तसंच." पदकाजवळ नेताच मात्र यंत्र फुटाण्यांसारखं तडतडलं. "यात थोरियम आहे. किरणोत्सर्गी! तीन आठवड्यांत फार बिघडलं नसेल, पण किरणांपासून वाचायला तू किरणच गळ्यात बांधलेस."

"आणि स्कॅनचे किरण?"

"खरे आहेत. थोडा धोकाही आहे, म्हणून उगाच कुणाचा स्कॅन करत नाही. पण तो डाग कसला हे न कळणं त्याहून धोक्याचं."

हिल्के लोकांकडे वळली. "जन्मभर मुलांना विचारत आले, पुरावा काय? इथे पुरावा म्हणून मीच उभी राहिले, आणि तो प्रश्न मलाच सुचला नाही! स्कॅन सांगितला तर जरूर विचारा: कशासाठी, किरण किती, त्यावाचून भागेल का? पण डॉक्टरांना विचारा, दगडाला नको."

मग तिथूनच तिने इस्पितळाला फोन लावला.

"परत तारीख पुढे ढकलायची का, बाई?"

"नाही. लवकरातली लवकर द्या. आणि मी पुन्हा फोन केला, तर माझं ऐकू नका."