टाचेचा तुकडा

नाथाजीमामांचा पाय मांडीवर घेऊन डॉक्टर पट्टी सोडवू लागले. टाचेवरचा काळा डाग आता रुपयाएवढा झाला होता. भाताच्या खाचरात अनवाणी हिंडताना काटा मोडला असेल, असं समजून मामांनी त्यावर वर्षभर हळद-तेल लावलं होतं. शेवटी संयोगिताच त्यांना मेढ्याहून मिरजेला घेऊन आली. ती दहावीपर्यंत त्यांच्याच घरी वाढलेली भाची. आता पुण्याच्या एका प्रयोगशाळेत तळपायाच्या याच कर्करोगावर काम करत होती.

"टाचेतून काढलेल्या तुकड्याच्या तपासणीत सी-किट बिघडलेलं निघालं," डॉक्टर म्हणाले.

"खरंच?" संयोगिता ताडकन उभी राहिली. "अरे वा!"

सी-किट हे पेशीच्या अंगावरचं एक प्रथिन. बाहेरून निरोप आला की ते पेशीला वाढायला सांगतं आणि गप्प बसतं. बिघडलं, की निरोपावाचूनच सांगत सुटतं, आणि पेशी वाढत वाढत जागा सोडून निघतात. असे नमुने मिळावेत म्हणून ती कित्येक दवाखान्यांना विनवत होती.

मामांचा चेहरा खुलला. कुणी काही बोलायच्या आत त्यांनी घरी मामींना फोन लावलासुद्धा.

"मने, बरं हाय गं. आपली संयू लय खूश झाली बघ. आता रडू नगंस."

डॉक्टरांनी मान खाली घालून नवी पट्टी बांधली. जाता जाता ते संयोगिताला हळूच म्हणाले, "जांघेतही गाठी दिसताहेत. तुम्हीच सांगा त्यांना."

ती मामांशेजारी बसली, पण त्यांच्याकडे बघवेना.

"मामा, मी चुकून तसं बोलले. आजार वर सरकलाय. जांघेपर्यंत."

मामांनी हातातला फोन खिशात ठेवला.

"मग वा कशापायी म्हनलीस?"

"असा आजार फार कमी जणांत सापडतो. मी तोच शोधत होते."

"त्याला औषध न्हाई?"

"एक गोळी आहे. काहींना लागू पडते."

"मग तेच की!" मामांनी तिच्या पाठीवर हात ठेवला. "गोळी हाय म्हनून तुला आनंद झाला."

हो म्हटलं असतं तर तिथंच मिटलं असतं. पाठीवरचा तो खरबरीत हात तिला सोसवेना.

"न्हाई मामा. गोळी मला मागनं आठवली."

हात पाठीवरून निघाला नाही, पण थोपटायचा थांबला. बाहेर कुणाचं तरी नाव पुकारलं गेलं. मामांनी पट्टीकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"टाच कापत्याल तवा तिच्यातला तुकडा तुला पायजे असंल," ते म्हणाले. "सांगू का डागदरांस्नी?"

नको म्हणायला संयोगिताने तोंड उघडलं, आणि तसंच मिटलं.