बटणांच्या साइटवरचा रेणू

त्या दिवशी दुकान उघडून मी जेमतेम पंखा लावला, तोच आमचे धाकटे बंधुराज लॅपटॉप पोटाशी धरून दारात उभे. केस विस्कटलेले, शर्टाचं वरचं बटण गायब. बटणवालीचा भाऊ आणि ही तऱ्हा!

"ताई, आज बाराला माझी तोंडी परीक्षा आहे आणि आमच्या संस्थेचा सर्व्हर झोपलाय."

पाच वर्षं हा बाळ्या एका प्रथिनाच्या मागे लागलाय. प्रथिन म्हणजे हजारो अणूंचं भेंडोळं, आणि त्या भेंडोळ्यात एक खोबण, जिच्यात औषधाचा रेणू जाऊन बसतो. काजात बटण बसतं तसं, असं आपलं मी समजून घेतलंय. त्याला ते पटत नाही. मागच्या परीक्षेत त्याने या खोबणीची सपाट चित्रं दाखवली. परीक्षक बाई म्हणाल्या, "मागून दाखवा." चित्राला मागची बाजू कुठून आणणार? बाईंनी सही केली नाही, सहा महिन्यांनी या म्हणाल्या. आज नापास झाला तर पाच वर्षं पाण्यात.

या वेळी त्याने तयारी चोख केली होती. एक साइट आहे, तिच्यात प्रथिनाचा अख्खा रेणू हवा तसा फिरवता येतो. पण ही साइट रेणूची फाइल स्वतःकडे ठेवून घेत नाही. फाइल आपण कुठेतरी ठेवायची, तिचा पत्ता त्या साइटला द्यायचा आणि तयार झालेली लिंक समोरच्याला पाठवायची. मग बाईंनी आपल्या पडद्यावर पुढून बघावं, नाहीतर मागून. फाइल मात्र होती संस्थेच्या सर्व्हरवर.

"मग माझ्याकडे काय आहे? बटणं."

"तुझ्या दुकानाची साइट आहे ना? तिथे ठेवू दे. प्लीज."

अडला हरी! पुढचं मी म्हणत नाही, कारण त्यात गाढव मी ठरते.

फाइल माझ्या साइटवर चढली. पत्ता थेट उघडला तर ती गुणी मुलीसारखी येत होती, पण रेणूवाल्या साइटने मागितली की लाल अक्षरं: परवानगी नाही. बाळ्याने चार वेळा करून पाहिलं, मग कपाळावर हात मारून म्हणाला, "तुझी साइटच भंगार आहे."

"जिभेला काही हाड?" मी म्हणाले, आणि म्हणता म्हणताच माझ्या डोक्यात प्रकाश पडला. गेल्या वर्षी समोरच्या दुकानदाराने माझ्या बटणांचे फोटो माझ्याच साइटवरून परस्पर ओढून आपल्या पानावर लावले होते. फोटो मी काढायचे, मिरवायचं त्याने! तेव्हा तणतणत, आठवडाभर वाचून वाचून, मी साइटला कडी घातली होती: दुसऱ्या कुठल्याही साइटने काही मागितलं तर द्यायचं नाही. आणि रेणूवाली साइटही माझ्या साइटला परकीच. चोरासाठी घातलेल्या कडीने भाऊच अडवला होता.

"ऊठ, मला बसू दे."

"तुला काय कळतंय त्यातलं?"

"कडी मीच घातलीय. ऊठ म्हणते ना!"

सरसकट सगळं उघडलं असतं तर समोरच्याचं फावलं असतं. म्हणून मी त्याच्या फाइलसाठी वेगळा फोल्डर केला आणि फक्त त्या फोल्डरला, फक्त त्या एका साइटपुरती मोकळीक दिली. साइट पुन्हा उघडली, तर रेणू पडद्यावर हजर! हिरव्या-निळ्या फितींचा गुंता, गोल गोल फिरतोय. "अगं बाई!" मी ओरडलेच. बाळ्याने तो वळवून खोबण समोर आणली, औषध नारिंगी केलं आणि नेमकं तेच दृश्य उघडेल अशी लिंक बनवली.

मग लिंककडे बघून त्याचा चेहरा पडला. "ताई, यात तुझ्या दुकानाचं नाव दिसतंय. झाकता नाही का येणार? बटणांचं दुकान... बाई काय म्हणतील?"

मला झोंबलं. खोटं कशाला बोलू, चांगलंच झोंबलं. "पत्ता झाकला तर फाइल सापडेल कशी? पाठवायची तर पाठव, नाहीतर बस." एवढं बोलून मी मागच्या कपाटांपाशी जाऊन डबे लावू लागले.

त्याने पाठवली. संस्थेत पोहोचायला वेळ नव्हता, म्हणून बाराला माझ्याच काउंटरवर, लॅपटॉपवरच्या व्हिडिओ कॉलवर, परीक्षा सुरू झाली. मी दाराला 'बंद' पाटी लावली आणि कपाटाआड कान टवकारून उभी राहिले. बाई स्वतःच रेणू फिरवत होत्या, मागून, खालून, आतून, आणि प्रश्नामागून प्रश्न विचारत होत्या. बाळ्या धडाधड उत्तरं देत होता. पाऊण तासाने त्या म्हणाल्या, "छान. हा पत्ता मला अहवालात लिहायचाय. कुठल्या संस्थेचा सर्व्हर आहे हा?"

हातातला डबा तसाच राहिला. 'खासगी आहे' म्हणाला असता तरी खपलं असतं.

"संस्थेचा नाही, मॅडम," बाळ्या म्हणाला. "माझ्या ताईचं बटणांचं दुकान आहे, त्याची साइट. फाइल उघडत नव्हती, तीही ताईनेच उघडून दिली. मला जमलं नव्हतं."

"आहेत का त्या तिथे? बोलवा."

मी डब्यासकट पडद्यासमोर गेले. चष्म्यातून बाई माझ्याकडे बघत होत्या. "ताई, ही फाइल तुम्ही हलवणार नाही ना? जागा बदलली की लिंक मेली. यांचं काम पुढे लोक याच लिंकवरून तपासणार आहेत."

"किती दिवस ठेवायची?"

"कायमची."

बाळ्याचे कान लालबुंद झाले होते. पण मी काही कच्च्या गुरूची चेली नाही. "दुकान विकेन, मॅडम, पण साइट ठेवेन," मी म्हणाले. "आणि आमच्या पोराच्या सहीचं काय?"

बाई हसल्या. "सही करतेच आहे. तेवढं दुकानाचं पूर्ण नाव सांगा."

मी तोंड उघडलं, पण त्याआधी बाळ्याच सांगायला लागला, सावकाश, एकेक शब्द, मोठ्या आवाजात.